‘रेसची बाईक’ म्हणून गळ्यात मारलेली किनाऱ्यावरची सायकल

दापोली, गुहागर, रत्नागिरी, मालवण या पट्ट्यात कुणी तुम्हाला ‘सिंगल ओनर, रेसमध्ये उतरलेली’ माउंटन बाईक निम्म्या किमतीत देत असेल, तर पैसे द्यायच्या आधी हे वाचा. आमचे ४१ हजार गेलेत. विकणारा माणूस इतका गोड बोलणारा आणि इतका माहितगार होता, की अजून बऱ्याच जणांना गाठणार याबद्दल मला शंका नाही.

बाईक हवी होती माझ्या भाच्याला, ओंकारला. पोरगा कॉलेजात आहे, जुन्या साध्या सायकलवरून गोळपचा सडा पालथा घालतो, उतरताना पाखाडीच्या पायऱ्यांवरून सायकल घालतो आणि आईच्या शिव्या खातो. त्याला क्रॉस कंट्री शर्यतीत उतरायचंय. हा प्रकार १९९६ च्या अटलांटापासून ऑलिम्पिकमध्ये आहे: ठरलेल्या वाटेवर फेऱ्या मारायच्या, दगडधोंडे, मुळं, चढ, उतार, सगळं आलं. पॅरिसला २०२४ मध्ये ब्रिटनच्या टॉम पिडकॉकचं पुढचं चाक पंक्चर झालं, तो मागे पडला, चाक बदलून पुन्हा सुटला आणि शेवटच्या फेरीत फ्रान्सच्या व्हिक्टर कोरेत्झकीला झाडांमधून गाठून सुवर्ण घेऊन गेला. ती फेरी ओंकारने किती वेळा पाहिलीय ते त्यालाच ठाऊक. जेवताना सुद्धा चालू असते.

हे सगळं सांगतोय कारण विकणाऱ्याने नेमकं हेच पकडलं. जाहिरातीत फोटो होता: चिखलाने माखलेला स्वार, हँडलला नंबरची पाटी, मागे डोंगर. खाली लिहिलेलं, ‘रॉकशॉक्स एअर फोर्क, डिओर गिअर, हिमालयातल्या रेसची बाईक, बदलीमुळे विकणे आहे.’ फोर्क म्हणजे पुढचं चाक धरणारा, धक्के झेलणारा दुपाया; रॉकशॉक्स आणि डिओर ही त्यातली नावाजलेली नावं. फोनवर पहिल्याच वाक्यात मला विचारलं, “दादा, रायडर कोण आहे? हाइट किती?” फ्रेमची साइज विचारून घेणारा विक्रेता म्हटल्यावर आपण निम्मे गार होतो. मग ओंकारशी बोलला. पिडकॉक, स्वित्झर्लंडचा ऑलिम्पिक विजेता नीनो शुर्टर, टायरमध्ये हवा किती ठेवायची, सगळं. फोन ठेवल्यावर ओंकार म्हणाला, “मामा, माणूस जेन्युइन आहे.”

भेटायची जागा त्यानेच ठरवली, भाट्याच्या सुरूबनापाशी, रविवारी संध्याकाळी. घरी बोलावत नव्हता, घरमालक कटकट करतो म्हणे. बाईक गाडीच्या मागे बांधून आणली होती. काळी, मॅट रंगाची, फोर्कवर लाल अक्षरं, चेन अशी लखलखीत की संध्याकाळच्या उन्हात डोळे दिपावेत. चाकं फिरवून बघितली, सरळ. ब्रेक दाबले, पक्के. टायर नवे. ओंकारने पुलापर्यंत जाऊन यायला घेतली. रस्ता सपाट, डांबरी. गिअर वरखाली केले, सटासट पडले. ४८ हजारांवरून ४१ वर सौदा ठरला. ३ हजार टोकन आधीच यूपीआयने गेलं होतं, उरलेले ३८ त्याने रोख मागितले, बदलीच्या घाईत बँकेचा घोळ झालाय म्हणे. पावती मागितली तर हसला. “दादा, सायकलची कसली पावती? मी पळून चाललोय का?”

आता लक्षात घ्या, सपाट डांबरी रस्ता त्याने मुद्दाम निवडला होता. का, ते पुढच्या चढावर कळलं.

भाट्ये सोडून गोळपच्या अंगाने चढ लागला, ओंकार उभा राहून पॅडल मारायला लागला आणि ‘कट्’ करून चेन दातांवरून घसरली. पाय खाली गेला, पोरगा आडवा. गुडघा जांभ्यावर घासून निघाला. परत बसला, परत जोर लावला, परत कट्. बसून सावकाश चालवली तर काही नाही. उभं राहून ताकद लावली की मात्र लगेच घसरायची.

यामागचं कारण कुठल्याही चांगल्या मेकॅनिकला पाठ असतं. चेन झिजते तशी ती लांब होते आणि मागच्या चाकावरच्या दातेरी चकत्यांचे, म्हणजे कॅसेटचे, दातही तिच्याबरोबर झिजत जातात. दोघं एकमेकांना सरावतात, चालत राहतात. त्यात कुणी झिजलेल्या कॅसेटवर कोरी चेन चढवली, तर नवी चेन झिजलेल्या दातांत बसत नाही. हलक्या पायाने चालवाल तोवर कळत नाही, चढावर जोर आला की चेन दातावर चढून उडी मारते. म्हणजे ती लखलखीत चेन आमच्यासाठीच घातलेली होती. जुनी चेन निदान खरं बोलली असती. पिनेच्या मध्यापासून पिनेच्या मध्यापर्यंत २४ कड्या मोजल्या की बरोबर १२ इंच भरायला हव्यात. एक सोळांश इंच जास्त भरलं की चेन बदलायची, एक अष्टमांश भरलं तर कॅसेटही गेली समजायची. साध्या पोलादी पट्टीने मोजता येतं. पण चेनच नवी म्हटल्यावर पट्टी काय सांगणार? तिथे चढच हवा.

दुसऱ्या दिवशी बाईक आमच्या ओळखीच्या सायकलवाल्या काकांकडे नेली. काकांनी आधी काही उघडलंच नाही. सीट खालीवर केली, सीटपोस्टची नळी पूर्ण बाहेर ओढली आणि माझ्या हातात दिली. “बघा हो, वरपासून खालपर्यंत ओरखडेच ओरखडे.” मला काही बोध होईना. मग म्हणाले, “एक माणूस चालवतो त्याची सीट एकदा लागली की लागली. एका उंचीवर खूण पडते, झालं. ही रोज खालीवर केलेली आहे. एकदा पोराला, एकदा बापाला, एकदा बाईमाणसाला. भाड्याची आहे ही.”

मग खालचा बॉटम ब्रॅकेट, म्हणजे पॅडलचा आस जिथे फिरतो तो भाग, उघडला. पान्हा लावल्यावर फिरेना, काकांनी तेल सोडून चहा मागवला, चहा संपल्यावर परत जोर लावला. आवाज आला तो दाढ काढताना येतो तसा. आतून ग्रीस यायला हवं होतं. आली ती वाळू, ओलसर आणि करडी, तिच्यात शिंपल्याचा एक पातळ तुकडा. काकांनी तो नखावर घेऊन उजेडात धरला. “हिमालयात समुद्र आहे काय ओ?”

कोकणात राहणाऱ्याला खारं वारं काय करतं ते सांगायला नको. आमच्याकडे ग्रिल, पंखा, फ्रिजचा पाय, काहीच सुटत नाही. पण पुळणीवर चालवलेल्या सायकलचं दुखणं वेगळं असतं. वाळू आत शिरून बेअरिंग खाते आणि तिच्याबरोबर आलेलं मीठ ओल धरून ठेवतं. स्पोकच्या टोकाला, रिममध्ये जाणाऱ्या छोट्या अॅल्युमिनियमच्या निपलवर पांढरी भुकटी धरते. आमच्या बाईकला ती होती, फक्त त्यावरून काळा स्प्रे मारलेला. नखाने खरवडलं की दिसत होती. बोल्टांची डोकी रंगवलेली, पण अॅलन की जिथे जाते ते भोक आतून तांबडं. रंगवणाऱ्याचा हात तिथवर पोचत नाही. बघायचं तर तिथे बघा.

फोर्क हा या प्रकरणातला सगळ्यात निर्लज्ज भाग. एअर फोर्कमध्ये स्प्रिंगच्या जागी दाबलेली हवा असते, स्वाराच्या वजनाप्रमाणे ती कमीजास्त करता येते, फोर्क हलका राहतो आणि म्हणून किंमत चढते. हवा भरायची तर व्हॉल्व्ह हवाच. रॉकशॉक्सच्या एअर फोर्कला तो डाव्या पायाच्या डोक्यावर, टोपीखाली असतो, मोटारसायकलच्या ट्यूबला असतो तसलाच. आमच्या फोर्कची टोपी फिरवली तर ती नुसती फिरतच राहिली. ती टोपी नव्हतीच, साध्या स्प्रिंगच्या फोर्कला ताण कमीजास्त करायची प्लॅस्टिकची गुंडी होती. व्हॉल्व्ह नाही, हवा नाही, काही नाही. लाल अक्षरं तेवढी खरी, कारण असली स्टिकरं विकत मिळतात. वरच्या चकचकीत नळ्यांवर बोट फिरवलं तर बारीक खड्डे लागत होते. मिठाने खाल्लेले ते खड्डे नळीभोवतीचं रबरी सील कापतात. फोर्क दाबला की अर्ध्यावर अडून बसायचा आणि मनात येईल तेव्हा वर यायचा. असल्या फोर्कवर पोरगा पाखाडी उतरला असता तर काय झालं असतं, याचा विचार मी करत नाही.

घरी येऊन जाहिरातीतला फोटो मोठा करून बघितला. फोटोतल्या बाईकला पुढच्या चाकात जाड थ्रू-अॅक्सल होता. १५ मिलिमीटर जाडीचा तो दांडा आजच्या बहुतेक रेसच्या बाईकना असतो. आमच्या बाईकला साधा क्विक रिलीज, पातळ दांडा आणि एक खटका. फोटोतल्या फ्रेममध्ये केबली आतून गेलेल्या, आमच्या बाहेरून. म्हणजे स्वार, शर्यत आणि डोंगर खरे, बाईक तेवढी वेगळी. तोच फोटो इंटरनेटवर टाकून मूळ कुठला ते शोधलं तर परदेशातल्या शर्यतीचा निघाला.

त्याला फोन लावला. पहिल्या दिवशी उचलला. “दादा, बघून घेतलीत ना? चालवून घेतलीत ना?” आवाज तोच गोड. फोर्कचं विचारल्यावर म्हणाला, “एअर फोर्कला पण गुंडी असते हो काही मॉडेलना.” हे इतक्या ठामपणे म्हणाला की क्षणभर मलाच वाटलं काका चुकले की काय. दुसऱ्या दिवसापासून नंबर बंद. टोकन ज्या खात्यावर गेलं होतं ते नाव त्याचं नव्हतंच. तिथे फोन केला तर मोबाइल रिचार्जचं दुकान निघालं. त्या दुकानदाराने यूपीआय घेऊन रोख दिले होते. त्याला बिचाऱ्याला काही माहीत नाही, आणि आमचा धागा तिथेच तुटला.

पोलिसांत अर्ज दिलाय. भारतीय न्याय संहितेत फसवणुकीचं कलम आता ३१८ आहे, जुन्या चारशेवीसची जागा त्याने घेतली. ठाण्यातल्या हवालदारांनी पहिला प्रश्न केला तो विकणाऱ्याच्या नावाचा. आमच्याकडे होतं ते नाव त्याने तोंडाने सांगितलेलं. यूपीआयने गेलेल्या रकमेसाठी १९३० या हेल्पलाइनवर आणि सायबर क्राइमच्या सरकारी पोर्टलवर तक्रार करता येते. पैसे पुढे सरकण्याआधी, म्हणजे शक्य तितक्या लवकर, केली तर खातं गोठवलं जाण्याची आशा असते. रोख ३८ हजारांना यातलं काही लागू नाही, आणि विकणाऱ्यालाही ते पक्कं माहीत होतं. तेव्हा कुणी रोखीचा आग्रह धरला तर कारण कितीही पटणारं असू दे, खात्यावर घेत असेल तरच व्यवहार करा, आणि खात्यावरचं नाव त्याच्या आधार कार्डावरच्या नावाशी ताडून बघा. साध्या कागदावर फ्रेमचा नंबर लिहून सही घ्या. हा नंबर बहुतेक सायकलींना खाली, बॉटम ब्रॅकेटच्या पोटाला कोरलेला असतो. आमच्या बाईकचा कानशीने घासून काढलेला आहे. बाईक उलटी करून बघायला अर्धं मिनिट लागतं. नंबर घासलेला दिसला तर बाकी काही बघायचीही गरज नाही, सरळ चालू पडा, कारण तशी बाईक चोरीचीही असू शकते आणि मग अर्ज देणारे तुम्ही नसता.

भेटायची जागा तुम्ही ठरवा. चढ असलेलीच ठरवा, आपल्याकडे चढांना काय तोटा? आरे-वारेचा घ्या, नाहीतर तुमच्या गावची घाटी घ्या. उभं राहून पॅडल मारा. आणि आधी मेकॅनिककडे नेऊ म्हणा. खरा विकणारा कुरकुरेल, पण येईल. आमच्या माणसाला तसं विचारलं असतं तर त्याची संध्याकाळची गाडी निघालीच असती.

बाईकचं आता काय? काकांनी चाकं, ब्रेक आणि हँडल वेगळं काढून ठेवलंय, तेवढं कामाचं आहे. फ्रेमच्या खालच्या नळीला दगड लागू नये म्हणून चिकटवतात तसली जाड काळी पट्टी होती. शेवटी ती हेअर ड्रायरने गरम करून सोलली. खाली पांढऱ्या ऑइलपेंटने, पाटी रंगवणाऱ्याच्या सराईत हाताने लिहिलेला आकडा आहे, ११. आधीच्या दहा कुठे विकल्या गेल्यात किंवा जायच्यात ते मला माहीत नाही, पण त्याच काळ्या मॅट रंगाची, लाल स्टिकरच्या फोर्कची बाईक तुमच्यासमोर आली तर खालच्या नळीची पट्टी उचकटून बघा. आकडा सापडला तर फोटो काढा आणि जवळच्या ठाण्यात द्या. आमच्या अर्जाला तो जोडता येईल.