कॅलिफोर्नियात आपल्या पेशाची नंबर प्लेट घ्यायची तर कोणती?

कॅलिफोर्नियात स्थिरावलेल्या मराठी घरांत नवी गाडी आली की हा विषय हमखास निघतो. साधी प्लेट ठेवायची, की आपल्या कामाची ओळख सांगणारी घ्यायची? अशा प्लेट्स मिळतात, पण सगळ्या पेशांच्या नाहीत आणि सगळ्यांना नाहीत. डीएमव्हीच्या, म्हणजे राज्याच्या वाहन नोंदणी खात्याच्या, पानावरची चित्रं बघून ठरवण्याआधी दोन प्रश्न विचारा. ती मिळवायला काही सिद्ध करावं लागतं का? आणि आपण भरलेले पैसे जातात कुठे? या दोन उत्तरांवर बहुतेक निवड होऊन जाते.

पहिली अग्निशामकांची प्लेट. ही फक्त सेवेत असलेल्या किंवा निवृत्त अग्निशामकांना मिळते आणि तसा पुरावा द्यावा लागतो. भाऊ अग्निशमन दलात आहे म्हणून आपल्या गाडीला ती लावता येत नाही. मला ही अट फार योग्य वाटते. रस्त्यावर ती प्लेट दिसली की त्या गाडीचा मालक खरोखर आगीत उतरलेला आहे, याची खात्री असते. या प्लेटचा पैसा अग्निशामकांच्या स्मारकाच्या निधीला जातो. सॅक्रामेंटोच्या कॅपिटॉल पार्कमध्ये हे स्मारक २००२ साली उभं राहिलं. कर्तव्य बजावताना गेलेल्यांची नावं तिथल्या भिंतीवर कोरलेली आहेत आणि त्यांत नव्या नावांची भर पडत राहते. ज्या राज्यात २०१८ च्या 'कॅम्प फायर' नावाच्या वणव्याने पॅरडाइज हे अख्खं गाव बेचिराख केलं आणि ८५ माणसं गेली, तिथे या निधीचं मोल वेगळं सांगायला नको. मुंबईकरांनाही हे परकं नाही. १४ एप्रिल १९४४ च्या गोदीतल्या स्फोटात मुंबई अग्निशमन दलाचे ६६ जण गेले, आणि त्यांच्या स्मरणार्थ भारतभर तो दिवस आजही पाळला जातो. तुम्ही स्वतः या सेवेत असाल किंवा तिथून निवृत्त झाला असाल, तर दुसरी प्लेट बघूच नका. पात्र असूनही अनेक जण कागदपत्रांचा कंटाळा करतात, तो करू नये.

दुसरी प्लेट फारशी कुणाला माहीत नसते, ती वृत्तछायाचित्रकारांची. त्यांच्या प्लेटवर आकड्यांबरोबर 'पीपी' ही अक्षरं असतात. वर्तमानपत्र किंवा टीव्हीसाठी नियमित काम करणारे छायाचित्रकार आणि कॅमेरामन तिच्यासाठी अर्ज करू शकतात, आणि तुम्ही खरंच ते काम करता हे दाखवावं लागतं. हिच्यामागे स्मारक नाही, निधी नाही, सुंदर चित्रही नाही. ही कामापुरती ओळख आहे. घटनास्थळी पोहोचल्यावर तिचा थोडाफार उपयोग होईल, पण प्रवेशासाठी लागतं ते ओळखपत्रच. पेशाचा गौरव म्हणून घ्यायची असेल तर माझं मत 'नको' असं आहे. रोज रस्त्यावर उतरून बातमीचे फोटो काढत असाल, तर जरूर घ्या.

तिसरी शेतीची, म्हणजे 'कॅलॅग' प्लेट, आणि हिच्याबद्दल मला सगळ्यात जास्त सांगायचं आहे. शेतावर उगवणारा सूर्य आणि अन्न, रोपं, धागा, इंधन हे चार शब्द असं तिचं रूप आहे. ही कुणीही घेऊ शकतं. सातबारा तर सोडाच, कुंडीतली तुळससुद्धा विचारत नाहीत. तरी तिला हलकं समजू नका. कॅलिफोर्नियात नवी प्लेट सुरू करायची तर आधी ७,५०० लोकांनी पैसे भरून अर्ज करावे लागतात. शेतीशी जोडलेल्या माणसांनी आणि शेतकी शिकणाऱ्या मुलांनी खटपट करून ती संख्या गाठली, तेव्हा ही प्लेट रस्त्यावर आली. तिचा निधी राज्याच्या कृषी विभागामार्फत शेतीशिक्षणाला आणि शाळकरी मुलांच्या नेतृत्व-उपक्रमांना जातो. निळी कॉर्डुरॉयची जाकिटं घातलेली, एफएफए या शेतकी शिकणाऱ्या विद्यार्थ्यांच्या संघटनेची मुलं कधी फ्रेस्नोच्या बाजूला दिसली असतील, तर त्या मुलांसाठी हा पैसा आहे असं समजा.

आपल्याकडच्या अनेकांचं या प्लेटशी नातं आहे, फक्त ते लक्षात येत नाही. सांगली-तासगाव, नाशिक भागातल्या द्राक्षबागांमध्ये ज्या थॉमसन सीडलेस वाणाने जम बसवला, त्याला नाव मिळालं ते कॅलिफोर्नियातल्या युबा सिटीजवळ १८७० च्या दशकात ते वाढवणाऱ्या विल्यम थॉमसनवरून. त्याच थॉमसनमधून तासगाव भागात निवड होऊन 'तास-ए-गणेश' पुढे आलं. बेदाणा तिकडेही होतो आणि फ्रेस्नोच्या आसपासही. बागायतदाराच्या घरातून सॅन होजेला येऊन कोडिंग करणाऱ्या मुलामुलींनी ही प्लेट लावली, तर ती उसनी ओळख ठरत नाही. वडिलांचा पेशा तो आपल्या घरचाच.

आता हिशोब. शेतीच्या प्लेटला ओळीने येणारा नंबर घेतला तर सुरुवातीला ५० डॉलर आणि पुढे दरवर्षी ४० डॉलर पडतात. आपल्या पसंतीची अक्षरं हवी असतील तर १०३ आणि ८३. हे सगळं नेहमीच्या रजिस्ट्रेशनवर अधिकचं. दहा वर्षं गाडी ठेवली तर पहिल्या प्रकारात ४१० डॉलर होतात आणि दुसऱ्यात ८५०. फरक दुपटीहून जास्त आहे, म्हणून मी साधा नंबरच सुचवेन. पैसा शेतीशिक्षणाला जावा एवढाच हेतू असेल, तर तो साध्या नंबरानेही साधतो.

नर्स, डॉक्टर, शिक्षक यांनी काय करावं, हा प्रश्न नेहमी येतो. त्यांच्यापुढे दोन वाटा राहतात. पहिली, साध्या प्लेटवर स्वतःची अक्षरं घेणं. ही योजना १९७० पासून आहे. दोन ते सात अक्षरं, पहिल्यांदा ५३ आणि मग दरवर्षी ४३ डॉलर, म्हणजे दहा वर्षांचे ४४० होतात. पण हा पैसा पर्यावरणाच्या कामाला जातो, परिचर्येच्या किंवा शिक्षणाच्या नाही. काम चांगलंच आहे, फक्त माहीत असू द्या. शिवाय नेटकी अक्षरं बहुधा कुणी तरी आधीच घेतलेली असतात, आणि मग एखादा आकडा मध्ये घुसवून केलेली प्लेट वाचणाऱ्याला कळत नाही. दुसरी वाट म्हणजे प्लेटभोवतीची फ्रेम. एकदाच खर्च, दरवर्षीची कटकट नाही, आणि पूर्ण शब्दांत लिहिता येतं. फक्त नंबर किंवा रजिस्ट्रेशनचा स्टिकर झाकला जाणार नाही अशी बारीक कडेची घ्या. मी नर्स असते तर फ्रेमच घेतली असती, आणि दरवर्षीचे ४३ डॉलर नर्सिंगच्या एखाद्या शिष्यवृत्तीला दिले असते.

भारतातल्या नातेवाइकांना फोटो पाठवाल तेव्हा एक जरूर सांगा: तिथे हा प्रकार नाही. १ एप्रिल २०१९ पासूनच्या नव्या गाड्यांना उच्च सुरक्षा नंबर प्लेट बंधनकारक आहे आणि तिच्यावर पेशाचं काहीही लिहिता येत नाही. 'प्रेस', 'पोलीस', 'अ‍ॅडव्होकेट' असे शब्द गाडीवर मिरवण्याविरुद्ध पंजाब आणि हरियाणा उच्च न्यायालयाने जानेवारी २०२० मध्ये कडक आदेश दिला होता. डॉक्टरांनी तर पांढऱ्यावर लाल क्रॉस लावूच नये. ते चिन्ह १९६० च्या जिनिव्हा करार कायद्याने राखीव आहे.

आणखी एक. कॅलिफोर्नियात यांतली कोणतीही प्लेट वेगमर्यादेतून किंवा पार्किंगच्या दंडातून सुटका करत नाही. आणि शेतीची किंवा स्वतःच्या अक्षरांची प्लेट गाडीची नसून तुमची असते. गाडी विकताना ती काढून घ्या, नव्या गाडीवर लावण्यासाठी डीएमव्हीला कळवा, नाहीतर खरेदीदाराच्या टोलची बिलं तुमच्या पत्त्यावर येत राहतील.