प्रेसवाल्याकडून येणारी फुकट डायरी डिझायनरच्या कामाची आहे का?

तुर्भ्याचा छापखाना, रबाळ्याचा पॅकेजिंगवाला, वागळे इस्टेटमधला लॅमिनेटचा डीलर. जानेवारी उजाडला की यांच्यापैकी कोणाची तरी रेक्झिनच्या कव्हरची, ए५ आकाराची, रोज एक पान असलेली डायरी टेबलावर येऊन पडते. बहुतेक डायऱ्या पुढे घरी दुधाच्या हिशेबाला लागतात. हे परीक्षण मात्र एका वेगळ्याच कामासाठी आहे. दिवस संपताना दहा मिनिटं बसायचं, आज डिझाइनमध्ये काय ठरवलं आणि ते आपल्या मूल्यांना धरून होतं का, ते लिहायचं. या कामाला ही डायरी चांगली आहे, दुकानात मिळणाऱ्या महागड्या ‘माइंडफुलनेस जर्नल’पेक्षा तर नक्कीच. फक्त आहे तशी वापरली तर फेब्रुवारीतच बंद पडते.

आधी वस्तू बघू. कागद बहुधा ६० ते ७० जीएसएमचा (एका चौरस मीटरचं ग्रॅममधलं वजन), म्हणजे पातळसाच असतो. ०.७ चं जेल पेन पाठीमागे उमटतं आणि फाउंटन पेनची शाई तर फुटतेच. साधं बॉलपेन किंवा एचबी पेन्सिल उत्तम. खात्री करायची असेल तर डिसेंबरच्या शेवटच्या पानावर दोन ओळी खरडून पान उलटून बघावं. बांधणी त्याहून महत्त्वाची. डायरी मधोमध उघडल्यावर घडीत दोरा दिसला तर ती शिवलेली आहे, वर्षभर टिकेल. नुसत्या गोंदावर चिकटवलेली असेल तर एकदम सपाट उघडू नये, कणा तडकतो आणि पानं सुटायला लागतात. पहिल्या दिवशी पुढून थोडी, मागून थोडी अशी पानं उघडत, कण्याजवळ अंगठा फिरवत मध्यापर्यंत यावं. ज्यांच्या घरी पुस्तकबांधणी पाहिलेली आहे त्यांना हे सांगायला नको.

पानावर साधारण पंचवीस ओळी मिळतात, आणि हाच या डायरीचा सगळ्यात मोठा गुण. पंचवीस ओळींत एकच निर्णय नीट मावतो. अ‍ॅपमध्ये जागा अमर्याद, त्यामुळे दिवसभराचा वैताग ओतला जातो आणि निर्णय राहून जातो. शिवाय अ‍ॅप उघडायला फोन हातात घ्यावा लागतो, आणि तिथे क्लायंटचा मेसेज आधीच वाट बघत असतो. छापील प्रश्नांच्या जर्नलची तक्रार वेगळी. ‘आज तुम्ही कशासाठी कृतज्ञ आहात?’ हा प्रश्न शंभराव्या दिवशी वाचला की उत्तरही छापीलच येतं.

आता बदल. सुरुवातीच्या पानांवर पिनकोड, ईएमआयचे तक्ते, मापांची रूपांतरं असतात. त्यातल्या एका पानावर कोरा कागद चिकटवून मूल्यांचं पान करावं. तीन घरची, तीन कामाची, सहाच्या वर नाहीत. ‘प्रामाणिकपणा’, ‘सर्जनशीलता’, ‘सहानुभूती’ असले सुटे शब्द लिहू नयेत, कारण ते मोडले गेले हे कधी कळतच नाही. तपासता येईल असं वाक्य हवं: ‘एकूण किंमत करांसह पहिल्याच स्क्रीनवर दिसेल.’ ‘मजकुराचा पार्श्वभूमीशी असलेला कॉन्ट्रास्ट, म्हणजे उजेड-अंधाराचा फरक, ४.५:१ च्या खाली जाणार नाही, ब्रँडचा राखाडी रंग कितीही आवडता असला तरी.’ ‘पुनर्वापराचा पुरावा हातात नसेल तर पाउचवर हिरवं पान काढणार नाही.’ घरचं वाक्यही असंच: ‘रात्री नऊनंतर आलेली दुरुस्ती सकाळी बघेन.’ वाक्यं सुचत नसतील तर केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाची २०२३ ची डार्क पॅटर्नविषयीची, म्हणजे ग्राहकाला गंडवणाऱ्या स्क्रीन-रचनेविषयीची, मार्गदर्शक तत्त्वं काढावीत. त्यात तेरा प्रकार दिले आहेत: खोटी घाई, टोपलीत गुपचूप भर, नको म्हणणाऱ्याला लाजवणं, सबस्क्रिप्शनचा सापळा वगैरे. ‘पर्यावरणपूरक’ अशा हिरव्या दाव्यांसाठी २०२४ ची वेगळी तत्त्वं आहेत. कायदा ही खालची पायरी, पण कोरं पान समोर असताना ती बरी पडते.

रोजच्या पानावर डावीकडे एक तृतीयांश जागा सोडून उभी रेघ मारावी. पेन उचलण्याआधी दोन मिनिटं गप्प बसून दिवस उलटा आठवावा, संध्याकाळकडून सकाळकडे. जिथे मन अडखळतं तोच त्या दिवशीचा निर्णय. डावीकडे फाइल किंवा स्क्रीन, उजवीकडे बाकीचं. नोंद अशी दिसते:

‘विमा चेकआउट, स्क्रीन ३. देणगीच्या १० रुपयांची खूण आधीच लावलेली. मागणी मार्केटिंगची. फायदा कंपनीचा, भुर्दंड घाईत पैसे भरणाऱ्याला. वाक्य १ मोडलं. उद्या: खूण काढलेला पर्याय सोबत पाठवणे, टोपलीत भर घालण्याविषयीचा उतारा जोडणे.’

शेवटची ‘उद्या’ची ओळ गाळली तर सगळा खटाटोप नुसत्या कुढण्यावर येतो.

कुठे लिहायचं हाही प्रश्न आहे. ठाणे-वाशी लोकलमध्ये अर्धा तास हाताशी आहे असं वाटतं, पण संध्याकाळी ऐरोली-घणसोलीच्या गर्दीत पेन उघडायलाही जागा नसते. जागेवरून उठण्याआधी, लॅपटॉप मिटल्यावर लिहिणं जमतं.

तारखा छापलेल्या असणं हा दोष खरा. चार दिवस कोरे गेले की अपराधी वाटतं आणि लोक रविवारी बसून मागची पानं भरतात. ते करू नये. चार दिवसांनी आठवणारा निर्णय आपल्या सोयीने सरळ झालेला असतो. कोऱ्या पानावर तिरकी रेघ मारून पुढे जावं. बऱ्याच डायऱ्यांत रविवारला अर्धंच पान असतं, तिथे आठवड्यात कोणतं वाक्य किती वेळा मोडलं एवढंच लिहावं. एकच वाक्य सतत मोडत असेल तर दोष दर वेळी तुमचाच असतो असं नाही. ब्रीफमध्येच, म्हणजे क्लायंटने दिलेल्या कामाच्या सूचनांतच खोट असू शकते, आणि मग ती बैठकीत मांडायला हाताशी तारखा असतात. महिनाभर एकही वाक्य मोडलं नाही तर वाक्यं फार ढिली आहेत, घट्ट करून पुन्हा लिहावीत.

गोपनीयतेचं मात्र सांभाळा. करारात बांधलेल्या कामांची नावं लिहू नका, ‘क-२’, ‘क-५’ असे संकेत पुरतात. आणि ज्या पुरवठादाराने डायरी दिली त्याचंच कोटेशन तुमच्याकडे मंजुरीला असेल, तर कव्हरवरच्या सोनेरी नावापासूनच पहिली नोंद करावी.

टीमसाठी एकच सामाईक डायरी ठेवण्याचा विचार असेल तर सोडून द्या, दुसरा वाचणार म्हटलं की प्रत्येक जण शहाण्यासारखा लिहितो. आलेली डायरी गोंदावरची निघाली तर जानेवारी उलटेपर्यंत थांबावं, तेव्हा स्टेशनरीच्या दुकानांत उरलेल्या डायऱ्यांचे भाव उतरतात. चुंबकाचं झाकण असलेली तेवढी घेऊ नका. ते लिहिताना मनगटाखाली येतं.