युक्रेनहून परतलेल्या मुलांच्या घरच्यांनी हे वाचा

माझा धाकटा भाऊ खारकीवला एमबीबीएस करत होता. 1 मार्च 2022 ला तिथेच हावेरी जिल्ह्यातला एक विद्यार्थी हल्ल्यात गेला. दुसऱ्या दिवशी भाऊ थंडीत खारकीवजवळच्या पिसोचिनपर्यंत चालत गेला, पुढे पोलंडमार्गे भारत सरकारच्या ऑपरेशन गंगाच्या विमानाने घरी आला. आम्ही बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातले, भातशेती आणि थोडे काजू. पोरगं जिवंत आलं यातच भरून पावलो. पण शिक्षण अडलं, आणि सहा महिने घरात बसून त्याचं जे झालं ते बघवत नव्हतं.

अशात बेळगावातल्या एका कन्सल्टन्सीचा पत्ता कुणीतरी दिला. तिथला माणूस आपल्यासारखंच मराठी बोलायचा. "मावशी, आपलंच पोरगं हाय, काळजी करू नकासा," असं आईला म्हणाला. युक्रेनमधून आलेल्यांना युरोप 'टेम्पररी प्रोटेक्शन' म्हणजे तात्पुरतं संरक्षण देतोय, त्यावर जर्मनीत काम करता येतं, 5 वर्षांनी कायमचा परवाना होतो, हे त्याने पटवून दिलं. पहिली गोष्ट खरी होती. म्हणून पुढचंही खरं वाटलं.

तीन हप्त्यांत 2 लाख 40 हजार दिले. शेवटच्या हप्त्याला आईच्या पाटल्या सोसायटीत गहाण ठेवल्या. मूळ पासपोर्टही त्यानेच ठेवून घेतला. त्याने आमच्याशी केलेला बाँड, म्हणजे करारपत्र, कन्नडमध्ये होता. मला कन्नड बोलता येतं, कायद्याचं वाचता येत नाही, तरी सही केली. नंतर वकिलांनी वाचून दाखवलं: ही रक्कम फक्त सल्ल्याची फी आहे, परत मिळणार नाही.

मग युरोपियन युनियनचं मुख्यालय असलेल्या ब्रुसेल्सच्या 'इमिग्रेशन ऑफिस'चं शिक्का मारलेलं पत्र आलं. ते घेऊन भावाने जर्मनीत असलेल्या सीनियरला फोन केला, तेव्हा सगळं उघडं पडलं. असा परवाना ब्रुसेल्स देत नाही, ज्या त्या देशाचं ऑफिस देतं, आणि तेही माणूस तिथे पोचल्यावर. 4 मार्च 2022 चा युरोपचा निर्णय मुख्यतः युक्रेनचे नागरिक आणि तिथल्या कायम रहिवाशांसाठी होता. शिकायला गेलेला, मायदेशी सुखरूप परतू शकणारा विद्यार्थी त्यात धरलाच नव्हता. काही देशांनी थोडी सूट दिली, पण भाऊ तर घरी येऊन बसला होता! शिवाय युरोपचा दीर्घकालीन रहिवासाचा 5 वर्षांचा नियम तात्पुरत्या संरक्षणावर राहणाऱ्याला लागूच होत नाही. हे एका फोनवर कळलं. तो फोन आधी केला असता तर?

पोलीस ठाण्यात बाँड बघून "हा सिव्हिल मामला" म्हणाले. वकिलांची नोटीस गेल्यावर पासपोर्ट तेवढा मिळाला. पासपोर्ट सरकारची मालमत्ता असते, एजंटाला तो अडवून ठेवायचा हक्क नाही, हे मला तेव्हाच समजलं.

कुणी तुमच्याही पोराला असं पत्र दाखवत असेल तर पैसे देण्याआधी त्या देशाच्या दूतावासाला मेल करा. कन्नड बाँड जाणकाराकडून शब्दन् शब्द वाचून घ्या, समोरचा कितीही गोड मराठी बोलत असला तरी. आमच्या पाटल्या अजून सोसायटीतच आहेत.