प्राणायामात अनुलोम-विलोम की भ्रामरी? दहावी-बारावीच्या पोरांसाठी
माझं मत सरळ भ्रामरीला. अनुलोम-विलोम छानच आहे, डाव्या नाकपुडीने श्वास घ्या उजवीने सोडा, मग उजवीने घ्या डावीने सोडा, सकाळी ठाण्यातल्या उपवन तलावाला बसून मस्त होतं, पण घरी घोडबंदर रोडचा ट्रॅफिक कानात घुसत असताना पोरांचं लक्षच लागत नाही. भ्रामरीत कान बंद करून श्वास सोडताना म्म्म करत राहायचं, त्यामुळे उच्छ्वास आपोआप लांबतो, धडधड कमी होते आणि मन त्या आवाजालाच चिकटून राहतं, म्हणजे पतंजलींच्या योगाच्या आठ अंगांतली सहावी, धारणा, ध्यान त्यापुढचं सातवं, पोरांना थेट तिथे बसवू नका हो! परीक्षा सेंटरबाहेर मात्र अनुलोम-विलोमच, आवाज नाही. कान दुखत असेल तर भ्रामरी नको.