छोट्या गोठ्यासाठी सीएमटी संच: वापरानंतरचे मत

दोन-चार संकरित गायी सांभाळणाऱ्या घरात कासदाह, म्हणजेच दगडी, बहुधा कास सुजल्यावर किंवा दुधात गुठळ्या दिसल्यावरच लक्षात येतो आणि तोवर त्या सडाचे दूध कायमचे घटण्याची भीती असते. त्याआधीची सुप्त अवस्था गोठ्यातच ओळखता यावी म्हणून कॅलिफोर्निया मॅस्टायटिस टेस्टचा, अर्थात सीएमटीचा, संच घेतला. तो प्रत्येक लहान दूध उत्पादकाने घ्यावा, असे माझे ठाम मत आहे.

संचात चार खणांचे प्लास्टिकचे पॅडल आणि द्रावणाची बाटली असते. पहिल्या दोन-तीन धारा वेगळ्या काढून प्रत्येक सडाचे सुमारे 2 मिलि दूध स्वतंत्र खणात घ्यायचे, तेवढेच द्रावण मिसळायचे आणि पॅडल आडवे धरून हलकेच गोल फिरवायचे. कासेला दाह झाला की दुधात पांढऱ्या पेशी वाढतात. द्रावणातील डिटर्जंटमुळे त्या फुटतात व त्यांतील डीएनए मोकळा होऊन मिश्रण घट्ट होते, त्यामुळे जितक्या पेशी जास्त तितका चिकटपणा अधिक. निकाल काही सेकंदांतच पाहावा लागतो, कारण सौम्य दाह असल्यास आलेला घट्टपणा लवकर विरतो.

संकलन केंद्रावरच्या फॅट-एसएनएफच्या (स्निग्धांश आणि स्निग्धेतर घनपदार्थांच्या) आकड्यांवरून नेमका कोणता सड बिघडला हे कधीच कळत नाही. ते इथे कळते, आणि या संचाचे खरे मोल त्यातच आहे.

उणिवा मात्र आहेत. मला मिळालेले माहितीपत्रक फक्त इंग्रजीत आणि बारीक अक्षरांत आहे. नुकत्याच व्यालेल्या आणि आटत आलेल्या गाईच्या दुधात पेशी मुळातच जास्त असल्याने निकाल फसवा येऊ शकतो, ही महत्त्वाची सूचना त्यात नाही. खणांवर पुढचा-मागचा, डावा-उजवा अशा खुणाही नाहीत. त्यामुळे दांडा दर वेळी गाईच्या शेपटीकडेच धरण्याची सवय लावून घ्यावी लागते.

या चाचणीतून दाह समजतो, तो कोणत्या जंतूमुळे झाला हे समजत नाही. म्हणून खणातले मिश्रण घट्ट झाले की स्वतःच सडात औषधाची ट्यूब सोडू नये. पशुवैद्यकांना दाखवावे आणि शक्य असल्यास दुधाचा नमुना प्रयोगशाळेत तपासून औषध ठरवावे. दुसऱ्या गाईकडे जाण्यापूर्वी पॅडल स्वच्छ धुणे आवश्यक आहे. संचासोबत सड बुडवण्याचा कप आणि आयोडीनचे सडांसाठीचे द्रावणही घ्यावे, कारण धार काढल्यानंतर सडाचे तोंड काही काळ उघडे राहते आणि तेवढ्यात गाय शेणात बसली तर जंतूंना आत शिरायला वाट मिळते.