स्कॉटलंड: वेगळं व्हावं की सोबत राहावं? ज्यांना अजून ठरवता येत नाही त्यांच्यासाठी

१८ सप्टेंबर २०१४ ला ग्लासगोमधल्या एका शाळेत, मतदानाच्या आडोशामागे मी पेन्सिल हातात धरून बराच वेळ उभी होते. मतपत्रिकेवर एकच प्रश्न: स्कॉटलंड हा स्वतंत्र देश असावा का? खाली दोन चौकोन, वर 'हो', खाली 'नाही'. १७०७ पासूनचा इंग्लंडशी एकत्र संसार, आणि त्याचा निकाल लावायला तेवढी बोटभर जागा.

मी 'नाही'वर फुली मारली. कारण युरोप. वेगळे झालो तर युरोपीय संघाबाहेर फेकले जाऊ, पुन्हा आत शिरायला किती वर्षं लागतील सांगता येत नाही, हा मुद्दा मला पटला होता. मग २१ महिन्यांनी ब्रेक्झिटचं मतदान आलं. स्कॉटलंडच्या ६२ टक्के मतदारांनी युरोपात राहू या म्हटलं, आणि तरीही सगळ्या यूकेबरोबर स्कॉटलंड बाहेर पडला. ज्या कारणासाठी मी सोबत राहिले, ते कारणच सोबत राहिल्यामुळे गेलं. हे मला आजही बोचतं.

म्हणून कुणी विचारलं, 'पुन्हा सार्वमत झालं तर काय करायचं?', तर मी सावकाश बसून बोलते. इथे राहणाऱ्या मराठी माणसांनी 'आपल्याला काय त्याचं' म्हणून हात झटकू नयेत. २०१४ ला राष्ट्रकुल देशांच्या इथे राहणाऱ्या नागरिकांना, म्हणजे भारतीय पासपोर्टवाल्यांनाही मत होतं, तेही वयाच्या सोळाव्या वर्षापासून. स्कॉटिश संसदेच्या निवडणुकीत तर २०२० च्या कायद्यापासून इथे कायदेशीर वास्तव्य असलेल्या कुठल्याही देशाच्या माणसाला मत आहे. पुढच्या वेळी तुमच्याही हातात पेन्सिल असू शकते.

आज घरात काय आहे

स्कॉटलंडला काहीच अधिकार नाहीत, अशी समजूत असेल तर ती आधी बाजूला ठेवा. न्यायव्यवस्था, चर्च आणि शिक्षण १७०७ नंतरही वेगळंच राहिलं. १९९७ च्या सार्वमतात ७४ टक्के लोकांनी स्वतःची संसद मागितली आणि १९९९ पासून एडिंबरोत १२९ सदस्यांची संसद आहे. दवाखाने, शाळा, पोलीस, आयकराचे दर असं बरंच काही ती ठरवते. इथल्या मुलांना विद्यापीठात शिकवणीची फी नाही, डॉक्टरांनी लिहून दिलेली औषधं २०११ पासून मोफत. हे सगळं युनियनमध्ये, म्हणजे यूकेत, राहूनच मिळालं.

लंडनच्या हातात राहिलेल्या गोष्टीही वजनदार आहेत: चलन, परराष्ट्र धोरण, संरक्षण, इमिग्रेशन, पेन्शन. तिथल्या संसदेत ६५० पैकी ५७ खासदार स्कॉटलंडचे. लोकसंख्येच्या मानाने हा आकडा कमी नाही, थोडा जास्तच आहे. पण २०१० मध्ये स्कॉटलंडने ५९ पैकी फक्त एक कॉन्झर्व्हेटिव्ह खासदार निवडून दिला आणि पंतप्रधान मात्र कॉन्झर्व्हेटिव्ह पक्षाचा मिळाला. अशा वेळी 'आपण निवडलेलं सरकार' हे शब्द इथल्या माणसाला पोकळ वाटले तर त्याला दोष देता येणार नाही.

'सोबत राहू' म्हणणाऱ्यांचं यावर म्हणणं असं, की लोकशाहीत हार-जीत असतेच, लिव्हरपूललाही मनासारखं सरकार दर वेळी मिळत नाही. खरं आहे. पण लिव्हरपूल स्वतःला राष्ट्र म्हणवत नाही, आणि ज्याला सगळे 'राष्ट्रांची युनियन' म्हणतात तिथे राष्ट्राच्या संमतीला काही किंमत असायला हवी. एडिंबरोच्या संसदेच्या अखत्यारीत लंडनने सहसा तिच्या संमतीशिवाय कायदा करायचा नाही, असा संकेत आहे. पण तो राजकीय संकेत आहे, कोर्टात टिकणारं बंधन नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये स्पष्ट केलं. या एका मुद्द्यावर माझ्या मते 'हो'चं पारडं निर्विवाद जड आहे.

पैसा

इथे 'नाही'चं पारडं जड. २०२३-२४ च्या सरकारी आकडेवारीनुसार स्कॉटलंडमध्ये करातून जमले सुमारे ८८.५ अब्ज पौंड, खर्च झाले १११.२ अब्ज. तूट जीडीपीच्या १०.४ टक्के, त्याच वर्षी सगळ्या यूकेची ४.५ टक्के. आज हा फरक एकत्र तिजोरीतून भरून निघतो.

स्वातंत्र्यवाद्यांचं उत्तर: हे आकडे युनियनमधल्या स्कॉटलंडचे आहेत. यूकेच्या कर्जावरचं व्याज, संरक्षणखर्च यांचा वाटा यात धरलाय, स्वतंत्र देश वेगळा खर्च करेल. उत्तर चुकीचं नाही. पण पेन्शन आणि दवाखाने कुठल्याही झेंड्याखाली तेवढेच पैसे मागतात.

तेलाची गोष्ट इथे सांगायलाच हवी. २०१३ च्या नोव्हेंबरमध्ये स्कॉटिश सरकारने स्वातंत्र्याचा आराखडा काढला, ६७० पानांचा जाडजूड ग्रंथ. त्यातला हिशेब तेल पिंपामागे ११० डॉलरच्या आसपास राहील असं धरून होता. स्वातंत्र्याचा दिवसही ठरला होता: २४ मार्च २०१६. त्या वर्षीच्या जानेवारीत तेल ३० डॉलरच्या खाली आलं. 'हो' जिंकलं असतं तर नव्या देशाने पहिला अर्थसंकल्प त्या भावात मांडला असता.

मग छोटा देश तरतच नाही का? तसं मुळीच नाही. डेन्मार्क आणि फिनलंड स्कॉटलंडएवढेच, जेमतेम साडेपाच ते सहा मिलियन लोकसंख्येचे, आणि सुखात आहेत. अडचण आकाराची नसून मधल्या वर्षांची आहे. आयर्लंड बघा. १९२२ मध्ये वेगळा झाला तेव्हा त्याची ९० टक्क्यांहून जास्त निर्यात ब्रिटनलाच जायची. त्याचं चलन १९७९ पर्यंत ब्रिटिश पौंडाला एकास एक बांधलेलं होतं. लोकसंख्या १९६१ पर्यंत घटत राहिली, कारण तरुण माणसं बोटीत बसून त्याच ब्रिटनला कामाला जात होती. १९७३ मध्ये युरोपची दारं उघडली, त्यानंतर हळूहळू चित्र पालटलं. आज तो श्रीमंत देश आहे. हीच कहाणी दोन्ही बाजू आपापल्या सोयीने अर्धी सांगतात. पूर्ण सांगायची तर ती पन्नास वर्षांची आहे, आणि आयरिश माणसाला विचारलं तर त्याला परत जायचं नाहीये.

चलन: खरी गाठ इथे आहे

तुमच्या पाकिटातली एखादी स्कॉटिश नोट काढून बघा. ती स्कॉटलंडमधल्या तीनपैकी एका व्यापारी बँकेने छापलेली असते. ती घेऊन लंडनच्या दुकानात गेलात तर गल्ल्यावरचा मुलगा ती उलटीसुलटी करून उजेडात धरतो. दिसायला वेगळी असली तरी ती पौंडच आहे, कारण तिच्यामागे तेवढीच रक्कम बँक ऑफ इंग्लंडकडे ठेवलेली असते. स्वातंत्र्यानंतर तो आधार राहील का, हा सगळा प्रश्न.

मार्ग तीन. पहिला, इंग्लंडशी चलनाची भागीदारी. २०१४ च्या फेब्रुवारीत यूकेचे तेव्हाचे अर्थमंत्री जॉर्ज ऑस्बोर्न यांनी ती साफ नाकारली आणि लंडनमधल्या इतर दोन मोठ्या पक्षांनीही त्यांना साथ दिली. दुसरा, न विचारता पौंड वापरत राहायचं, जसा माँटेनेग्रो युरो वापरतो. हे चालतं, पण बँक बुडायला लागली तर नोटा छापून वाचवणारं कुणी नसतं. २००८-०९ मध्ये एडिंबरोत मुख्यालय असलेली रॉयल बँक ऑफ स्कॉटलंड वाचवायला यूकेच्या तिजोरीतून ४५ अब्ज पौंड ओतावे लागले, हे विसरू नका. तिसरा मार्ग, स्वतःचं चलन. २०२२ मध्ये स्कॉटिश सरकारने मांडलेला बेत दुसऱ्या आणि तिसऱ्याची सांगड घालतो: आधी पौंड, परिस्थिती जुळली की स्कॉटिश पौंड.

या 'परिस्थिती जुळली की'ची मला भीती वाटते. चेकोस्लोव्हाकिया १ जानेवारी १९९३ ला दोन देशांत वाटला गेला, तेही एकही गोळी न झाडता. चलन काही महिने तरी एकच ठेवू असं ठरलं होतं. ते ३८ दिवस टिकलं. स्लोव्हाकियाचं चलन घसरणार हे लोकांनी ओळखलं आणि पैसे चेक बँकांत हलवायला सुरुवात केली. मग जुन्या नोटांवर टपालाच्या तिकिटासारखे शिक्के चिकटवून रातोरात दोन चलनं करावी लागली. स्लोव्हाकिया पुढे सावरला, २००९ मध्ये युरोतही गेला. पण मधल्या त्या आठवड्यांत कुणाची पुंजी कुठल्या बँकेत होती, यावर बरंच ठरलं.

आता हे तुमच्या घरावर आणून बघा. गृहकर्ज पौंडात, अजून वीस वर्षांचं. पगार उद्या स्कॉटिश पौंडात. नवं चलन दहा टक्क्यांनी घसरलं आणि कर्ज जुन्या पौंडातच राहिलं, तर हप्ता पगाराच्या मानाने सुमारे अकरा टक्क्यांनी वाढतो. कुणाचं कर्ज बदलणार, कुणाचं नाही, हे आधी लिहून मागा. ज्याचं घर भाड्याचं आणि वय पंचवीस, त्याला ही जोखीम पेलते. निवृत्तीला पाच वर्षं उरलेल्याला ती तशी पेलणार नाही, आणि त्यात भित्रेपणा काही नाही.

ग्रेट्नाची सीमा

ग्रेट्नाजवळ सार्क नावाची लहानशी नदी ओलांडली की स्कॉटलंड संपतो. मोटरवेचा क्रमांक बदलतो, पाटी दिसते, गाडीचा वेग कमीही करावा लागत नाही. २०१४ ला 'हो' झालं असतं आणि दोन्ही देश युरोपीय संघात राहिले असते, तर ती तशीच राहिली असती. ब्रेक्झिटने हे बदललं. आता स्वतंत्र स्कॉटलंड युरोपात गेला तर ग्रेट्नाला युरोपची सीमा येते, म्हणजे मालाच्या ट्रकांना कस्टम्सचे कागद.

स्कॉटलंडची सुमारे ६० टक्के निर्यात यूकेच्या उरलेल्या भागात जाते, युरोपीय संघात साधारण २० टक्के. जानेवारी २०२१ आठवा: ब्रेक्झिटचे नवे नियम लागू झाले आणि ताजी मासळी कागदपत्रांत अडकून राहिली. वैतागलेले व्यापारी ट्रक घेऊन थेट लंडनला सरकारच्या दारात गेले. बाजारपेठ सोडणं किती महाग पडतं, हे स्कॉटलंडने स्वतः भोगलंय. तोच अनुभव 'ब्रेक्झिट चूक होती' हेही सांगतो आणि 'मोठ्या बाजारपेठेशी पुन्हा अशी तोडमोड जपून करा' हेही.

माणसांची ये-जा सोपी राहील, आयर्लंड आणि यूकेमध्ये आहे तशी. पण भारतीय पासपोर्ट असेल तर एक बारकावा: आज यूकेत राहणाऱ्या भारतीय नागरिकाला आयर्लंडला जायला सहसा वेगळा व्हिसा लागतो. उद्या ग्लासगोहून बर्मिंगहॅमच्या बहिणीकडे जायला तोच नियम लागू शकेल.

इमिग्रेशनचाच दुसरा पैलू मात्र 'हो'च्या बाजूचा. इथे जन्मांपेक्षा मृत्यू जास्त आहेत, गावांना डॉक्टर मिळत नाहीत, वृद्धाश्रमांना हात मिळत नाहीत, आणि व्हिसाचे नियम लंडन ठरवतं. २००५ ते २००८ दरम्यान इथे शिकलेल्या परदेशी मुलांना दोन वर्षं राहून काम करू देणारी स्कॉटलंडची खास योजना होती, पुढे ती यूकेच्या एकाच नियमात विरघळली. स्वतःचं व्हिसा धोरण हा स्वातंत्र्याचा सर्वांत रोकडा फायदा आहे, असं मला वाटतं.

स्कॉटलंडमधल्या फासलेनचा यूकेच्या अण्वस्त्र पाणबुड्यांचा तळ हा अनेकांना एकटाच पुरेसा मुद्दा वाटतो. तो विवेकाचा प्रश्न आहे, तुलनेचा नाही.

वाट कुठून जाते

२०१४ चं सार्वमत लंडन आणि एडिंबरोच्या २०१२ च्या करारातून झालं. २३ नोव्हेंबर २०२२ ला सर्वोच्च न्यायालयाने एकमताने सांगितलं, की लंडनच्या संमतीशिवाय एडिंबरोची संसद सार्वमत घेऊ शकत नाही. उत्तर आयर्लंडला १९९८ च्या करारात निदान बाहेर जायचं दार लिहून दिलंय: बहुमत बदलल्याची चिन्हं दिसली तर तिथे मतदान घ्यावंच लागतं. स्कॉटलंडला असं काहीच नाही. स्वेच्छेने एकत्र असलेल्यांच्या घराला दार नसावं, हे मला मुळीच मान्य नाही, 'नाही' मत देऊनही. पण परवानगीशिवाय पुढे जाण्याचं काय होतं ते स्पेनमधल्या कॅटलोनियाने २०१७ मध्ये पाहिलं. शिवाय युरोपीय संघात प्रवेशाला प्रत्येक सदस्य देशाची संमती लागते, त्यात स्पेनही आला.

आणि किती मतांनी? कॅनडातून वेगळं व्हावं का, या क्वेबेकमधल्या १९९५ च्या मतदानात फरक जेमतेम ५४ हजार मतांचा होता. माँटेनेग्रोला सर्बियापासून वेगळं व्हायला २००६ मध्ये ५५ टक्क्यांची अट होती, मिळाले ५५.५. नॉर्वेने १९०५ मध्ये स्वीडनपासून वेगळं व्हायला मतदान घेतलं तेव्हा विरोधात सबंध देशात १८४ मतं पडली. स्कॉटलंडमध्ये ४४.७ विरुद्ध ५५.३ असं झालं, तेही ८४.६ टक्के मतदान होऊन. त्या वेळी एकाच जेवणाच्या टेबलावर दोन्ही मतं बसलेली मी पाहिली आहेत. ५१ टक्क्यांवर देश उभा राहतो, पण वाईट वर्षं आली की उरलेले ४९ रोज आठवण करून देतात.

मी स्वतः आता कुठे आहे? २०१४ पेक्षा 'हो'च्या बरीच जवळ. पुढचा आराखडा आला की त्यात मी दोनच गोष्टी आधी शोधेन: नव्या चलनाची तारीख, गृहकर्ज आणि पेन्शन कशात मिळणार यासकट, आणि ग्रेट्नाला ट्रकचं नेमकं काय होणार. ही पानं सरळ शब्दांत लिहिलेली सापडली, तर पहिली दहा वर्षं तंगीची जातील हे मान्य करून मी वरच्या चौकोनात फुली मारेन. 'सगळं आत्तासारखंच चालू राहील' असं पुन्हा सांगितलं गेलं, तर खालच्या.