कॅमेरा कोणाच्या हातात: संशोधकाच्या की मुलांच्या?

कर्नाटकातल्या बेळगाव जिल्ह्यात, खानापूर तालुक्यातल्या मराठी शाळेत ‘घरची भाषा, शाळेची भाषा’ या विषयावर नुसते प्रश्न विचारले तर मुलं मान हलवतात. समोर फोटो ठेवला की तोंड उघडतं. मानववंशशास्त्रज्ञ जॉन कॉलियर यांनी १९५७ मध्ये फोटो दाखवून मुलाखत घेण्याची ही पद्धत मांडली.

संशोधकाने फोटो काढले तर काम आटोपशीर होतं. फळ्यावरचं मराठी, बसवरची कन्नड पाटी, असे ८-१० फोटो सगळ्यांना तेच दाखवायचे. उत्तरं शेजारी ठेवून ताडता येतात. खोट एकच, पण मोठी: तुम्हाला जे दिसलंच नाही, त्यावर कोणी बोलत नाही.

मुलांच्या हाती फोन दिला तर आजीला कन्नड रेशनकार्ड वाचून दाखवणारी धाकटी बहीण फोटोत येते. हे बाहेरच्याला कुठून सुचणार? पण पसारा वाढतो. म्हणून मर्यादा घाला: ३ दिवस, १२ फोटो. त्यातले ४ मुलानेच निवडायचे आणि बोलणं त्याच आठवड्यात उरकायचं. उशीर झाला की फोटो का काढला तेच पोर विसरतं. व्हॉट्सअ‍ॅपवर साधा फोटो पाठवला की तो दाबून लहान केला जातो, काढल्याची तारीख-वेळही जाते. केबलने घ्या, नाहीतर डॉक्युमेंट म्हणून पाठवायला सांगा.

चौथीपुढच्या मुलांसाठी आम्ही मुलांच्या हाती फोन देण्याची पद्धतच निवडू. पालकांची लेखी संमती मात्र आधी, आणि मराठीतून. शेजाऱ्यांचे चेहरे टाळून हात, वस्तू, पाट्या टिपायला शिकवा.